बटेरची ४८ अंडी, पिल्लं फक्त ११: बाकीची कवचातच का मेली?

थर्माकोल_पेटी (इंदूर)

नमस्कार मंडळी. घरी बनवलेल्या इन्क्युबेटरमध्ये जपानी बटेरची ४८ अंडी लावली, पिल्लं निघाली ११. पुढची खेप रंगपंचमीनंतर लावायची आहे, त्याआधी चूक कुठे झाली ते कळायला हवं. आकडे सगळे देतो, म्हणजे कुणाला अंदाजपंचे सांगावं लागणार नाही.

पेटी औषधांच्या दुकानातली थर्माकोलची, आतून ४५ × ३५ × ३० सेंमी. ४० वॉटचे दोन फिलामेंट बल्ब. डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट (तापमान राखणारा बोर्ड) ३७.५ वर, त्यातलं बाकी सेटिंग जसं आलं तसंच. सेन्सर झाकणाजवळ लटकवलेला. कॉम्प्युटरचा ८० मिमीचा पंखा सतत चालू. हवेची भोकं खाली दोन, वर दोन. शेवटचे तीन दिवस दमटपणा टिकावा म्हणून वरची दोन्ही चिकटपट्टीने बंद केली. पाण्याची एक वाटी. डिजिटल मीटरवर आर्द्रता ४२ ते ४५, शेवटी ५८.

अंडी जानेवारीच्या शेवटी लावली. फार्मवरून बसने आली, तेव्हा घालून पाच-सहा दिवस झाले होते. आल्या आल्या पेटीत ठेवली. दिवसातून तीनदा हाताने फिरवली, १४ दिवस झाल्यावर फिरवणं बंद. लावताना ४८ अंड्यांचं एकूण वजन ५२८ ग्रॅम, १४ दिवसांनी ४३८.

पहिलं पिल्लू १८व्या दिवशी रात्री, शेवटचं २०व्या दिवशी सकाळी. निघेल तसं उचलून ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत) टाकलं, म्हणजे झाकण सहा-सात वेळा उघडलं. नंतर उरलेली ३७ फोडून बघितली. ९ कोरी (न फळलेली), ५ मध्ये रक्ताचं कडं, ४ मध्ये अर्धवट वाढलेलं पिल्लू, आणि १९ मध्ये पिसांसकट पूर्ण पिल्लू. या १९ पैकी ७ जणांनी चोचीने भोक पाडलेलं होतं, पण आतला पापुद्रा कागदासारखा सुकून अंगाला चिकटलेला.

जगलेल्या ११ पैकी ३ चार दिवसांत गेली. एक पाण्याच्या बशीत बुडालं, दोघांचे पाय फाकले. ८ आता दहा दिवसांची आहेत.

विचारायचं एवढंच: दमटपणा जास्त झाला की कमी? अडकलेल्या पिल्लाला कवच फोडून बाहेर काढावं का? आणि ब्रूडरमध्ये काय बदलू?


कुक्कुट_महू

वजन लिहून ठेवलंत आणि न निघालेली अंडी फोडून बघितलीत, म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर इथे बहुतेक जण "पिल्लं निघाली नाहीत" एवढंच लिहितात.

आधी ९ कोरी अंडी हिशेबातून काढा. ती नर-मादीच्या प्रमाणाची किंवा शिळेपणाची गोष्ट, पेटीची नाही. राहिली ३९, त्यातून ११, म्हणजे २८ टक्के. घरच्या पेटीत फळलेल्या अंड्यांतून ६५ ते ७५ टक्के निघायला हवीत.

आता वजन. ५२८ मधले ९० ग्रॅम उडाले, म्हणजे १७ टक्के. बटेरच्या अंड्याचं वजन पहिल्या १४ दिवसांत ११ ते १३ टक्के घटावं. १२ धरलं तर ६३ ग्रॅम जायला हवे होते आणि काटा ४६५ वर थांबायला हवा होता. दमटपणा कमी पडला, आणि बराच कमी.

किती, तेही काढता येतं. कवचातून पाणी उडण्याचा वेग आतल्या हवेच्या कोरडेपणावर चालतो. ५० टक्के आर्द्रता म्हणजे ५० टक्के कोरडेपणा, त्यात १२ टक्के घट होते असं धरा. १७ टक्के घट व्हायला कोरडेपणा ७० च्या आसपास लागेल. म्हणजे पेटीत खरी आर्द्रता ३० च्या जवळ होती आणि मीटर ४२-४५ दाखवत होतं. हे छोटे डिजिटल मीटर दहा-पंधराने चुकणं रोजचंच आहे. मीठ लावून तपासा: बाटलीच्या झाकणात खायचं मीठ, त्यावर थेंब-थेंब पाणी, मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. जेवढं जास्त दाखवेल तेवढं कायम वजा करायचं.

भोक पाडून मेलेली ७ सुकण्यानेच गेली, आणि त्यात झाकणाचा हात आहे. पिल्लू भोक पाडून गोल फिरत कवच कापत असतं, त्या वेळी झाकण उघडलं की आतली ओली हवा क्षणात बाहेर. ओला पापुद्रा आवळतो आणि पिल्लाला फिरताच येत नाही. पहिलं पिल्लू बघून राहवत नाही हे खरं, पण ते पोटातल्या बलकावर २४ तास काढतं. त्याला पेटीतच राहू द्या. त्याचा चिवचिवाट ऐकून बाकीचीही लागतात कामाला.

उरलेली १२ भोक न पाडताच मेली, त्यांचं कारण मला चिकटपट्टीत दिसतं. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं. प्राणवायूची गरज सगळ्यात जास्त तेव्हा, आणि नेमकी तेव्हाच भोकं बंद. आर्द्रता वाढवायची ती पाण्याचा पसरटपणा वाढवून. खोल वाटीचा उपयोग नाही, पसरट ताट हवं, त्यात स्पंज उभे. सुरुवात २० × १५ सेंमीच्या ट्रेने करा आणि दुरुस्त केलेला मीटर बघून वाढवा. पहिले १४ दिवस ४५ ते ५५, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५. पाणी घालायला झाकण उघडू नका. सलाईनची नळी भोकातून ट्रेपर्यंत सोडा आणि बाहेरून सिरिंजने कोमट पाणी घाला. बोरिंगचं पाणी असेल तर स्पंजवर क्षार बसून तो पाणी ओढेनासा होतो, दर खेपेला धुवा.

रक्ताच्या कड्याची ५ अंडी म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेले जीव. बसचे धक्के आणि विश्रांती न देणं. बाहेरून आलेली अंडी टोकदार बाजू खाली करून १२ ते २४ तास खोलीच्या तापमानावर ठेवावी, मग लावावी.

पुढच्या खेपेला वजन ७व्या दिवशीसुद्धा करा. ५२८ चे ४९६ झाले असतील तर बरोबर चाललंय. ४८० दिसलं तर पाणी वाढवायला अजून हातात आठवडा असतो.

तापमानावर वायरमन काकांना बोलू द्या. पिल्लं उशिरा का निघाली ते त्यांच्या खात्यातलं आहे.


वायरमन_काका

आलो. जपानी बटेरला १७ दिवस लागतात, फार तर १८. ठेवला तो दिवस शून्य धरायचा. तुमची १८व्या रात्रीपासून २०व्या सकाळपर्यंत रेंगाळली, म्हणजे पेटी थंड होती. "बाकी सेटिंग जसं आलं तसंच" हे वाचलं तेव्हाच कळलं.

डब्ल्यू-१२०९ मध्ये पी-१ नावाचं एक सेटिंग असतं. बल्ब किती अंश खाली गेल्यावर पुन्हा पेटवायचा, ते त्यात ठरतं. नवीन तुकड्यात ते २.० असतं. म्हणजे ३७.५ ला बल्ब विझतो आणि ३५.५ पर्यंत पेटत नाही. सरासरी पडते ३६.५. पडद्यावर ३७.५ लिहिलेलं बघून माणूस निवांत झोपतो आणि अंडी मात्र अंशभर थंड.

सेट बटण पाच सेकंद दाबून धरा, पी-० येईल. वरच्या बटणाने पी-१ वर जा, पुन्हा सेट, आणि ०.२ करा. ०.१ नको, रिले (बल्ब चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) दर काही सेकंदाला टकटक करेल आणि त्याचे संपर्क लवकर जळतील. पी-० मध्ये एच (गरम करणं) आहे ना तेही बघून घ्या, सी (गार करणं) असेल तर गरम झाल्यावर बल्ब पेटेल.

सेन्सर झाकणाजवळ लटकवायचा नाही. गरम हवा वर जाते, सेन्सर समाधानी, अंडी गार. सेन्सरचं टोक अंड्यांच्या उंचीवर, मधोमध, बल्बची थेट आच लागणार नाही असं. पंखा चालू असला तर ३७.५ ते ३७.७. पंखाच नसेल तर अंड्यांच्या माथ्यावर ३८.५ धरतात, कारण तशा पेटीत वर आणि खाली फरक असतो.

सेन्सर खरा आहे का ते तापाच्या थर्मामीटरने तपासा. घरात त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही नसतं. थर्मासमध्ये ३८ च्या आसपासचं पाणी, त्यात थर्मामीटर आणि सेन्सरचं टोक एकत्र बुडवा, हलवत राहा. फरक आला तर तो पी-४ मध्ये भरा. सेन्सर ०.६ कमी दाखवत असेल तर पी-४ ला ०.६.

बल्ब दोन आणि समांतर जोडलेले हे ठीक. एक उडाला तरी दुसरा पेटी धरून ठेवतो. सिरीजमध्ये जोडू नका. मंद जळतात म्हणून टिकतात खरे, पण एक गेला की दोन्ही गेले. बल्बभोवती पत्र्याचा डबा लावा, तळ आणि झाकण कापून. नाहीतर शेजारच्या अंड्यांना थेट आच लागते आणि कोपऱ्यातली गार राहतात. तुमची ३६ तासांची रेंगाळ थोडी त्यातूनही आली असेल.

आणि हे मात्र कराच. या बोर्डाचा रिले कधीतरी चिकटतो. चिकटला की बल्ब विझतच नाही, दोन तासांत पेटी ४२ वर आणि सगळी खेप गेली. म्हणून दुसरा डब्ल्यू-१२०९ घ्या, ३८.५ वर सेट करा, त्याचा रिले पहिल्याच्या पुढे त्याच फेज वायरमध्ये सिरीजला जोडा. एरवी तो चालूच राहील, पहिला फसला तरच तोडेल. कट फेजवर द्या, न्यूट्रलवर नाही. पंखा थर्मोस्टॅटमधून नाही, सरळ १२ व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवर. बोर्ड पेटीच्या बाहेर, दमट हवेपासून लांब.


कोरडी_पद्धत

एवढं स्पंज, नळ्या, सिरिंज कशाला? पहिले १४ दिवस पाणी घालायचंच नाही, शेवटचे तीन दिवस भरपूर. बटेरला हीच पद्धत चालते. पावसाळ्यात तर याच पद्धतीने सगळ्यात चांगली पिल्लं निघतात.


कुक्कुट_महू

@कोरडी_पद्धत, पावसाळ्यात निघतात, अगदी बरोबर. पण ती पाण्याशिवाय का निघतात ते बघा, मग जानेवारीत का मरतात तेही कळेल.

हवा तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रतेचा टक्का कोसळतो. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची हवा २६ अंश आणि ८५ टक्के धरा. ती पेटीत ३७.५ ला तापली की आत राहते ४४ टक्के, वाटीभर पाणी न घालता. जवळपास हवं तेवढं.

आता जानेवारी. खोलीत १८ अंश आणि ५० टक्के. माणसाला ही हवा छान वाटते, ओठ फुटण्यापलीकडे त्रास नाही. तीच पेटीत तापली की उरते १६ टक्के. मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के असली तर पेटीत २३. म्हणजे पेटीच्या दृष्टीने आपल्याकडचा कडक उन्हाळा आणि कडक थंडी सारखीच कोरडी, थंडी उलट जास्तच. बहुतेकांची इथे फसगत होते, कारण बाहेर धुकं दिसतं आणि वाटतं हवा ओली आहे.

पाणी न घालण्याची पद्धत ज्या देशांतून आली तिथे घरातली हवाच ओलसर असते. माळव्यात ती जुलै ते सप्टेंबर एवढीच चालवावी.

अडकलेल्या पिल्लाचं राहिलं होतं. भोक पाडल्यावर बटेर साधारण सहा ते बारा तासांत बाहेर येतं. त्याआधी हात लावायचा नाही. पापुद्र्यात रक्तवाहिन्या चालू असतात आणि बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नसतो, फोडलंत तर रक्त जाऊन मरतं. २४ तास झाले, पिल्लू ओरडतंय, पण भोक जिथल्या तिथेच आहे आणि पापुद्रा पांढरा कोरडा झालाय, तरच मदत. कापसाच्या काडीने कोमट पाण्याचा ओलावा भोकाच्या कडेला, चोचीच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. मग रुंद बाजूने कवचाचे तुकडे थोडे थोडे काढायचे. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा आणि परत पेटीत. असं काढलेलं पिल्लू बऱ्याचदा पायाने अधू निघतं, त्यामुळे फार आशा ठेवू नये हे माझं मत.


थर्माकोल_पेटी

मिठाची परीक्षा केली. मीटर ७५ च्या जागी ८९ दाखवतोय! म्हणजे ३० चा हिशेब तंतोतंत. पी-१ सुद्धा २.० च निघालं, काका.

आता पुढचं. रंगपंचमीनंतर लावलं तर पिल्लं एप्रिलच्या मध्यात निघतील. पेटी वरच्या मजल्यावर आहे, दुपारी तिथे ३८-३९ होतात. चालेल? अंडी जमवायला आठवडा लागेल, ती कुठे ठेवू? आणि ओळखीतले एकजण झाबुआहून कडकनाथची (काळ्या कोंबडीची) डझनभर अंडी देतायत, ती त्याच पेटीत चालतील का?


वायरमन_काका

वरचा मजला नको. थर्मोस्टॅट फक्त गरम करतो, गार करत नाही. खोली ३९ झाली की बल्ब बंद असूनही पेटी ३९ च्या वर जाते, पंख्याची थोडी उष्णता त्यात भरच घालते. गारवा अंडं बरंच सोसतं, ताप सोसत नाही. ३६ वर दोन तास गेले तर उशीर होईल एवढंच. ४० च्या वर तेवढेच तास गेले तर पिल्लं मरू शकतात, उरलेली लुळी निघू शकतात.

तळमजल्यावर, मधल्या खोलीत, पश्चिमेची भिंत तापत नाही अशा जागी ठेवा. खोली ३३ च्या आत राहिली की थर्मोस्टॅटच्या हातात काम राहतं. कूलर लावलात तर झोत पेटीवर सरळ नको. कूलरच्या खोलीत २८ अंश आणि ६५ टक्के मिळाले तर महूवाल्यांच्या हिशेबाने पेटीत आपसूक ३८ टक्के येतील, थोडंसंच पाणी घालावं लागेल. बल्ब ४० चे काढून २५ चे लावा. गरम दिवसांत मोठा बल्ब विझल्यावरही पेटी वर चढत राहते.

वीज गेली तर घाबरू नका. झाकण उघडायचं नाही, वर गोधडी, थंडीचे दिवस असतील तर आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या. बटेरचं अंडं दहा-अकरा ग्रॅमचं, कोंबडीच्या अंड्यापेक्षा लवकर निवतं, तरी दोन-तीन तास निघून जातात. शेवटच्या तीन दिवसांत गोधडीने भोकं झाकू नका. दोन बल्ब आणि पंखा मिळून शंभर वॉटसुद्धा होत नाहीत, घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरच लाइन द्या.


कुक्कुट_महू

साठवण. पहिली गोष्ट, अंडं २०-२१ अंशांच्या वर ठेवलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, पण नीट वाढत नाही आणि कमजोर होऊन मरतो. एप्रिलमध्ये खोलीत ३३ असतात, तिथे आठवडाभर ठेवलेली अंडी म्हणजे रक्ताच्या कड्यांची रांग. फ्रिजचा वरचा कप्पा चार-पाच अंशांचा, तोही नको. १५ ते १८ अंश लागतात. कोरड्या उन्हाळ्यात माठाचं तत्त्व कामाला येतं: मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटी मातीची कुंडी, तिच्यात अंडी टोक खाली करून, वर ओलं फडकं. दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडा. बाहेर हवा कोरडी असली की आत २० च्या आसपास राहतं. पावसाळ्यात हे चालत नाही. सात दिवसांच्या वर साठवू नका. अंडी धुवू नका, वरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. चिकटलेली घाण कोरड्या स्पंजने हलकेच काढा, खूप बरबटलेलं अंडं सोडून द्या.

कडकनाथला २१ दिवस लागतात. बटेर चौदाव्या दिवशी फिरवणं थांबवून आर्द्रता ७० ला न्यायची, तेव्हा कडकनाथला अजून फिरवणं आणि ५० टक्के हवे असतात. चार दिवस आधी कडकनाथ लावून दोघांची तारीख जुळवता येते, कागदावर. पण बटेरची पिल्लं कडकनाथच्या पिल्लांच्या पायाखाली येतात आणि एकाचे रोग दुसऱ्याला लागू शकतात. नकोच.

एक विसरलोच. अंडी फार्मवरूनच घ्या, पावती जपून ठेवा. जपानी बटेर आपल्याकडे १९७४ मध्ये इज्जतनगरला आणली गेली, ती पाळीव जात. रानातला लावा (रानटी बटेर) वेगळा, तो पकडणं किंवा त्याची अंडी उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. दुकानातली डझनावर विकली जाणारी बटेरची अंडीसुद्धा लावू नका. खाण्याच्या अंड्यांसाठी बहुतेक नुसत्या माद्याच ठेवतात, त्यामुळे अंडी बहुतेक कोरी निघतात.


अंगणातली_बटेर (ग्वाल्हेर)

ब्रूडरबद्दल कुणी बोललंच नाही अजून, आणि दादांची ११ तली ३ तिथेच गेली. पाय फाकण्यापासून सांगते.

तळाला वर्तमानपत्र घातलं होतंत ना? त्यावर सहा-सात ग्रॅमचं पिल्लू घसरतं, पाय बाजूला जातात, आणि दोन दिवसांत सांधा तसाच बसतो. पहिले पाच-सहा दिवस गोणपाट किंवा रबरी जाळीची मॅट घाला. त्यानंतर लाकडाचा जाड भुसा. बारीक भुसा नाही, पिल्लं तो खातात. पाय फाकलेलं पहिल्या दिवशीच दिसलं तर चिकटपट्टीच्या बँडेजची बारीक पट्टी दोन्ही पायांना, मध्ये दीड सेंमी अंतर ठेवून, दोन-तीन दिवस. चौथ्या दिवसानंतर बांधून उपयोग नाही.

पाणी बशीत नकोच. बाटलीच्या रुंद झाकणात किंवा पक्ष्यांच्या छोट्या ड्रिंकरमध्ये पाणी, आणि पाणी दिसेल त्या सगळ्या जागेत कंचे (काचेच्या गोट्या) भरा. फटीतून चोच जाते, अंग जात नाही. पहिल्या दिवशी एक-दोन पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची नक्कल करतात. आठवड्यानंतर कंचे काढले तरी चालतं.

ऊब: बल्बच्या बरोबर खाली पहिले चार दिवस ३६-३७, आठवडा संपेपर्यंत ३५, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पण पेटीच्या एका टोकाला बल्ब आणि दुसरं टोक गार, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पिल्लांना आपली जागा निवडता आली पाहिजे. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोची उघड्या असतील तर उकडतंय, पसरून झोपली असतील तर हात लावू नका. थंडीत गठ्ठा केला की खालची गुदमरून मरतात, सकाळी चपटी सापडतात. तुमची आठ आता ३२ च्या आसपास ठेवा. चौथ्या आठवड्यात पिसं भरली की दिवसा बल्ब लागत नाही.

खाद्यात लोक फार फसतात. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या पहिल्या खाद्यात) प्रथिनं २२-२३ टक्के असतात, बटेरला पहिले तीन आठवडे २४ ते २६ लागतात. मध्य प्रदेशात सोयाबीनला काय तोटा! पशुखाद्याच्या दुकानात सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) मिळते, साधारण ४५ टक्के प्रथिनांची. ९०० ग्रॅम प्री-स्टार्टरमध्ये १०० ग्रॅम डीओसी घातली की २४-२५ होतात. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाहीत आणि वाढ खुंटते. दाणे मिक्सरमधून काढून रव्याच्या चाळणीने चाळा, पहिल्या आठवड्यात त्यांच्या चोचीत मोठा दाणा मावत नाही. किसलेलं उकडलेलं अंडं देता येतं, पण दोन तासांनी उरलेलं उचला, आंबतं.

बाकी किरकोळ. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाळली तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा, ओढू नका. आठव्या-दहाव्या दिवसापासून उड्या मारतात, म्हणून वर जाळी. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर लाल मुंग्या एका रात्रीत पिल्लू संपवतात. नवीन निघालेली आणि दहा दिवसांची एकत्र टाकू नका, मोठी डोळे आणि बोटं टोचतात. कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. एकाएकी बरीच मेली तर औषध शोधत बसू नका, लगेच पशुवैद्यकीय विभागाला कळवा, इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आणि हाताळून झाल्यावर साबणाने हात, मुलांचेसुद्धा.


थर्माकोल_पेटी

ताई, वर्तमानपत्रच होतं. आजच गोणपाट घातलं. या आठांत नर किती ते कधी कळेल? सगळेच नर निघाले तर पुढची अंडी पुन्हा बाहेरूनच आणावी लागतील.


अंगणातली_बटेर (ग्वाल्हेर)

तीन आठवडे झाले की छातीकडे बघा. नराची छाती एकरंगी विटकरी, मादीची फिकट आणि त्यावर काळे ठिपके. साध्या तपकिरी रंगाच्या बटेरमध्येच हे कळतं, पांढऱ्यात कळत नाही. एका नराला तीन ते चार माद्या ठेवा. सहा-सात आठवड्यांच्या झाल्या की घालायला लागतात, त्यासाठी रोज १४ ते १६ तास उजेड हवा. पहिली दोन-तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका, ती लहान असतात आणि फळतातही कमी.


वायरमन_काका

२५ चे फिलामेंट बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत, इंदूरच्या महाराणी रोडला दोन-तीन दुकानं फिरावी लागतील. "शून्य वॉटचा" किंवा एलईडी पुढे करतील, त्याने पेटी तापत नाही. मिळाले की एकदम चार घ्या, दोन राखीव.